फौजदारी शिक्षेवर अपील : मुदत चुकवू नका



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण बांधावरची मारामारी किंवा न वटलेला चेक यापायी ती चढावी लागते. ऊसनोंदीला गावोगाव फिरताना "साहेब, शिक्षा झाली, आता पुढं काय?" असे आम्हाला विचारले जाते. वकिली हा आमचा प्रांत नव्हे, तरी सर्वांना माहीत असावे इतके येथे देत आहोत.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली. अपिलाची चौकट मात्र बव्हंशी पूर्वीचीच आहे.

मुदत : मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिल्यास सेशन कोर्टात ३० दिवसांत, सेशन कोर्टाने दिल्यास हायकोर्टात ६० दिवसांत अपील करावे. फाशीच्या शिक्षेवर मुदत ३० दिवसच आहे. निकालाचा दिवस व नक्कल तयार होण्यास लागलेले दिवस यात धरत नाहीत. पण नकलेचा अर्जच उशिरा टाकला, तर आधी वाया गेलेले दिवस कोणी भरून देत नाही. कैदेची शिक्षा झाल्यास निकालाची प्रत ताबडतोब व विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

कागद : अपील लेखी हवे, सोबत निकालाची प्रत हवी. तुरुंगात असलेल्याला तुरुंगाधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येते.

नुसते अपील केले म्हणजे शिक्षा थांबली, असे नाही. शिक्षा स्थगितीचा व जामिनाचा अर्ज वेगळा करावा लागतो. आरोपी आधीच जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर शिक्षा देणारे कोर्टच अपील दाखल करण्यापुरता जामीन देऊ शकते. त्याच दिवशी मागा.

चेकच्या खटल्यात दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरण्यास अपील कोर्ट सांगू शकते. पैशाची तजवीज आधी ठेवा.

गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असेल, तर साधारणतः शिक्षा किती व कायदेशीर की नाही, एवढ्यावरच अपील चालते. तेव्हा "कबूल करून मोकळं व्हा" असे कोणी सांगितले, तर आधी वकिलाला विचारा.

मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण कारण सबळ लागते. "तोड चालू होती, सवड झाली नाही" एवढ्याने कोर्टाचे समाधान होईलच असे नाही.

वकिलाची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले व ठराविक उत्पन्नाच्या आतील लोकांना तेथे मोफत वकील मिळतो.

लागणीची तारीख आपण विसरत नाही. निकालाची तारीखही तशीच लिहून ठेवावी आणि दुसऱ्याच दिवशी वकील गाठावा.

— ऊस विकास अधिकारी