टाकणखार होता, भट्टी नव्हती

यवतमाळ जिल्ह्याला टाकणखार नवा नाही. वणी, पुसद, दारव्हा, कुठल्याही गावच्या सोनाराकडे त्याची डबी सापडेल. डाख लावताना धातूवरचा मळ तोच विरघळवून घेतो. वैद्याकडे त्याची लाही मिळते. बोरॉनचं हे खनिज वाळूबरोबर तापवलं की भांड्यावर काचेचा पातळ थर धरतो, म्हणजे झिलई येते. तरी सोनाराच्या शेजारच्या आळीत राहणाऱ्या कुंभाराच्या आव्यात तो गेला नाही. गेल्या दीडशे वर्षांतल्या मातीकामाचा माग काढला की माझ्या मते याचं कारण भट्टीपाशीच येऊन थांबतं.

आपला आवा उघडा असतो. मडक्यांची उतरंड, मध्ये गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या आणि वरून मातीचा लेप. उष्णता साधारण 700 ते 800 अंशांच्या घरात, तीही एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी. भांडी एकमेकांना टेकलेली असतात. अशा आव्यात झिलई वितळलीच, तर दहा मडक्यांचा एकच गोळा बाहेर निघेल आणि राख त्यावर कायमची चिकटेल. शिवाय माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार राहतं. झिलई लावलेला माठ वैशाखात काय कामाचा? कुंभार मागे पडला म्हणून त्याने झिलई वापरली नाही, ही समजूत मला पटत नाही.

टाकणखाराचा स्वभावही अवघड. त्याच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ताप लागताच तो आधी आपल्याच पाण्यात विरघळतो, मग लाहीसारखा फुगतो, पाणी गेलं की बसतो आणि सुमारे 740 अंशांना स्वच्छ काचरस होतो. पण फुगताना तो भांड्यावरचा झिलईचा लेपच उचलून टाकतो. दुसरी खोड पाण्यात विरघळण्याची. लेपाच्या बादलीतून तो कच्च्या भाजणीच्या भांड्यात झिरपतो आणि लेपाचं गणित बिघडवतो. कोलेमनाइट हे कॅल्शियमचं बोरॉनखनिज पाण्यात फारसं विरघळत नाही, पण तापल्यावर तडतडतं आणि लेपाचे कपचे शेजारच्या भांड्यावर उडवतं. यावरचा उपाय म्हणजे फ्रिट. टाकणखार आणि वाळू आधीच एकत्र वितळवायची, तो रस पाण्यात ओतायचा आणि तडकलेली काच दळून वापरायची. मग फुगणं नाही, विरघळणं नाही. वर एक फायदाही मिळतो. बोरॉन बेताने असेल तर झिलई थंड होताना कमी आकसते, म्हणून तिच्यावर बारीक तडे पडत नाहीत. प्रमाण फार वाढलं तर काचेत दोन द्रव वेगळे होतात आणि दुधाळ निळसर झाक येते. काही कलाकार ती मुद्दाम आणतात.

महाराष्ट्रात झिलईचं शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत 1870 च्या दशकात आलं. जॉर्ज टेरी यांनी तिथे कुंभारकामाचा विभाग उभा केला, सिंधची झिलईची परंपरा आणली, भांड्यांवर अजिंठ्याची नक्षी चढली. सुंदर काम, पण ते शहरी दिवाणखान्यांसाठी. कमी तापात वितळणाऱ्या झिलईसाठी त्या काळी बहुतेक शिशाचा आधार असे, मुरदाडशिंग किंवा शेंदूर. शिसं गुपचूप, सहज वितळतं, म्हणून कारागिराला आवडतं. लोणच्या-चिंचेच्या आंबटात ते थोडं थोडं उतरतं, हा त्याचा दोष. बोरॉनला मागणी वाढली ती मुख्यतः यासाठी.

1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि खेड्यातल्या कारागिराकडे तंत्रज्ञ म्हणून पाहण्याची सवय लागली. पुढे पन्नाशीच्या दशकात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभारला आणि कुंभारांना सिरॅमिकचं प्रशिक्षण मिळू लागलं. भद्रावती जिल्ह्याने चंद्रपूर, पण वणीहून वर्धा नदी ओलांडली की जवळच. यवतमाळला याहून जवळचं असं केंद्र मला दिसत नाही. अशा ठिकाणी मिळते ती बंद भट्टी: ज्वाला वेगळी, भांडी वेगळी, फळ्यांवर सुटी मांडलेली. वणीच्या पट्ट्यात कोळसा मुबलक, राजूरला चुनाभट्ट्या, म्हणजे नऊशे अंशांचा ताप कुणाला अनोळखी नाही. पण कोळशाच्या धुरातला गंधक झिलईला लागला की ती मळकट होते, म्हणून आड भिंत हवीच.

टाकणखार एके काळी तिबेटातून यायचा. लडाखच्या पुगा खोऱ्यातही तो आहे, पण आज देशाची गरज मुख्यतः तुर्कस्तान आणि अमेरिकेच्या मालावर भागते. फ्रिट गुजरातच्या कारखान्यांतून गोणीत तयार मिळतं, त्यामुळे खनिजाचं नखरेल वागणं निदान कारागिराच्या डोक्यावरून उतरलं. युरोपने 2010 मध्ये कच्चा बोरॅक्स आणि बोरिक आम्ल चिंतेच्या पदार्थांच्या यादीत घातलं, तेव्हापासून तयार फ्रिटकडे ओढा आणखी वाढला.

खादी आयोगाची कुंभार सशक्तीकरण योजना 2018 मध्ये आली. तिच्यात गाजावाजा झाला तो विजेच्या चाकांचा. चाक वेगाने फिरलं, घडाई वाढली. पण पणत्या-सुगड्यांच्या पलीकडे जाऊन कुणाला लोणच्याची बरणी करायची असेल, तर दोन-चार घरांनी मिळून बांधलेली एक छोटी बंद भट्टी आणि ताप मोजायचं एक साधन, एवढं आधी लागेल. चाक त्यानंतर.