वादळ एकच, घाव वेगवेगळे : आधी कोणाला हलवाल?



वादळाचा इशारा रेडिओवर सर्वांना सारखाच ऐकू येतो. पण घर सोडून निघणे सर्वांना सारखे जमत नाही. म्हणून कोणाला आधी हलवायचे, हे आभाळ स्वच्छ असतानाच ठरवून ठेवावे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. ताशी १०० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ नव्याने लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. तरुण बागायतदार तेवढा थांबेल. सत्तरीच्या म्हाताऱ्याने काय करावे? नारळ पाडणारा गडी आणि सुपारी सोलणाऱ्या बाया यांचे तर सातबाऱ्यावर नावच नसते. वाडी पडली की त्यांची मजुरी बुडते.

कोकणातल्या पुष्कळ घरांतला कमावता मुलगा प्रभादेवी, परळ, लालबागच्या चाळीत, आणि गावी फक्त आई-वडील, अशी स्थिती असते. ‘निसर्ग’नंतर कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. अशा वेळी मुंबईच्या मुलाचा नव्हे, शेजाऱ्याचा आधार लागतो.

प्रभादेवीजवळच्या वरळी कोळीवाड्यासारख्या वस्तीत अडचण निराळी. होडी आणि जाळी हीच घरची पुंजी, म्हणून ती सांभाळायला पुरुष मागे राहतो, आणि तो येईपर्यंत बाई मुलांना घेऊन थांबते. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ मुंबईजवळून गेले. त्यात मुंबई हायच्या समुद्रात पी-३०५ ही बार्ज बुडून साठाहून अधिक जण दगावले. ते सारे कामावरचे लोक होते.

बांगलादेशात २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सव्वा लाखाहून अधिक माणसे गेली. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया आणि लहान मुले फार होती. कडेवर मूल, अंगावर साडी, घरधन्याची वाट पाहणे, निवाऱ्यात परक्या पुरुषांत राहण्याचा संकोच, अशी कारणे पुढे आली. नंतर तिथे निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळी खोली आणि गुरांसाठी जागा करू लागले. गुरांची सोय झाली की माणूसही घर सोडतो, हे आपणही ध्यानात घ्यावे.

तेव्हा पावसाळ्यापूर्वी वाडीवाडीने एवढे करा :

१. घरोघरची यादी करा. एकटे वृद्ध, अपंग, गरोदर व बाळंतीण बाया, अंथरुणाला खिळलेले आजारी यांची नावे वर. भाडेकरू, मजूर आणि बोटीवरचे परप्रांतीय खलाशी सुटू देऊ नका.

२. प्रत्येक नावापुढे त्यांना नेणाऱ्या जवळच्या माणसाचे नाव लिहा. ‘कोणीतरी नेईल’ म्हणून चालत नाही.

३. कच्च्या व पत्र्याच्या घरांतली माणसे आधी आणि दिवसाउजेडी हलवा.

४. निवाऱ्याची शाळा आधी पाहून या. बायकांसाठी वेगळी खोली व संडास, पिण्याचे पाणी आहे ना, ते पाहा.

५. होड्या वर ओढणे, जाळी उचलणे, गुरे उंचावर नेणे ही कामे इशारा मिळताच उरका. गुरे दाव्याला बांधून ठेवू नका.

६. रेशनकार्ड, आधार, बँकेचे पुस्तक, सातबारा, नेहमीची औषधे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

७. वारा एकदम पडला तरी बाहेर पडू नका. तो उलट दिशेने पुन्हा उठू शकतो. ‘धोका टळला’ असे कळल्यावरच घरी जा.

मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७ आणि मुंबईत १९१६ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

पडलेली पोफळ पुन्हा लावता येते, फुटलेली होडी पुन्हा बांधता येते. गेलेले माणूस परत येत नाही. म्हणून ज्याला स्वतःच्या पायाने निघता येत नाही, त्याला सर्वांच्या आधी हलवा.