ते ७८ गुण कोणाचे?

"सर, माझी मुलगी गणिताच्या पेपरला तापाने घरी होती. मग ७८ गुण कसे आले?" सहामाहीचे निकालपत्र घेऊन एक आई आमच्याकडे आली. मुलीनेच घरी सांगितले होते, "अम्मी, हे गुण माझे नाहीत."

२२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या. कागदी रजिस्टरांचा भरवसा नाही हे तेव्हा पटले आणि आम्ही निकाल एक्सेलमध्ये ठेवू लागलो. बेरीज, श्रेणी, निकालपत्र एका बटणावर करून देणारा छोटा प्रोग्राम म्हणजे मॅक्रो. आमचा मॅक्रो ओळखीतून आयता मिळालेला.

त्या संध्याकाळी आम्ही तो उघडून बसलो. सुरुवातीलाच ओळ होती, 'ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट', म्हणजे चूक आली तरी न थांबता पुढे जा. मुलीच्या रकान्यात आम्ही गैरहजर म्हणून 'गै.' लिहिले होते. मॅक्रोला तिथे संख्या हवी होती. ती मिळाली नाही, तरी तो थांबला नाही. आधीच्या मुलीचे ७८ गुण त्याच्या स्मरणात होते, तेच त्याने छापले.

ती ओळ काढून मॅक्रो चालवला, तेव्हा खरी चूक समोर आली: 'टाइप मिसमॅच', क्रमांक १३. 'डिबग' दाबताच अडलेली ओळ पिवळी झाली. एफ-८ दाबत एकेक ओळ चालवून पाहिली आणि रकान्यात संख्या आहे का, हे आधी तपासण्याची अट घातली.

दुसरी अडचण आपल्या भाषांची. मॅक्रो लिहायच्या खिडकीत मराठी किंवा उर्दू अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात. शीटचे नाव 'निकाल' असेल, तर मॅक्रोला ती शीट सापडत नाही आणि चूक क्रमांक ९ येते. शीटचे नाव इंग्रजी अक्षरांत ठेवावे.

मॅक्रोने केलेला बदल 'अनडू'ने परत फिरत नाही, म्हणून आधी फाइलची प्रत काढावी. छापण्यापूर्वी काही मुलांचे, विशेषतः गैरहजर असलेल्यांचे गुण मूळ नोंदींशी ताडून पाहावेत.

मुलांचे गुण ही आमच्याकडची अमानत आहे. बटण मॅक्रोचे असले, तरी सही आमची असते. त्या मुलीची परीक्षा आम्ही पुन्हा घेतली. ५४ गुण मिळाले. निकालपत्र हातात घेताना ती हसली. हे गुण तिचे होते.