तुटीची विक्री आणि भाड्याचें घर

घर विकलें म्हणजे विकणाऱ्याच्या हातीं पैसा येतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु अमेरिकेंत घर विकण्याचा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत घर जातें, पैसाही मिळत नाहीं, आणि विकणाऱ्याच्या पतीला मात्र डाग लागतो. तिकडे त्यास ‘शॉर्ट सेल’ म्हणतात. आपण त्यास तुटीची विक्री म्हणूं. अशा विक्रीनंतर त्या कुटुंबानें राहावयाचें कोठें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया वगैरे संस्थानांत अनेक मराठी कुटुंबें स्थायिक झालेलीं असल्यामुळें हा प्रश्न आपणांसही अगदींच परका नाहीं.

तूट येते कशी, तें प्रथम पाहूं. समजा, एका गृहस्थानें तीन लक्ष डॉलर कर्ज काढून घर घेतलें. पुढें बाजार उतरला आणि त्या घरास दोन लक्षांवर गिऱ्हाईक मिळेना. त्यांतच नोकरी गेली व हप्ते थकले. अशा वेळीं बँक घर जप्त करूं शकते, किंवा दोन लक्षांतच तें विकण्यास संमति देऊं शकते. सर्व रक्कम बँकेकडे जाते आणि विकणारा रिकाम्या हातानें बाहेर पडतो. २००६ नंतर फिनिक्स व लास व्हेगास या शहरांत घरांच्या किंमती निम्म्याहूनही खालीं आल्या, तेव्हां असंख्य कुटुंबांनीं हाच मार्ग पत्करला.

आतां खरी अडचण येथेंच सुरू होते. घरें सोडलेलीं हीं कुटुंबें एकाच सुमारास भाड्याच्या घरांकडे वळलीं, आणि नवें बांधकाम तर जवळजवळ थांबलें होतें. २००४ मध्यें त्या देशांत शेंकडा ६९ कुटुंबें स्वतःच्या घरांत राहत. २०१६ पर्यंत तें प्रमाण शेंकडा ६३ वर आलें. भाड्याच्या घरांपैकीं २००९ मध्यें शेंकडा सुमारें ११ रिकामीं होतीं, तीं २०१६ मध्यें सुमारें ७ उरलीं. अशा टंचाईंत एका घरासाठीं अनेक अर्ज येतात, आणि घरमालकास नकार देण्यास लहानसें कारणही पुरतें.

मालक सामान्यतः तीन गोष्टी पाहतो. मासिक उत्पन्न भाड्याच्या तिप्पट आहे कीं नाहीं, पत-अहवाल काय म्हणतो, आणि पूर्वीच्या घरमालकाचें मत काय. तुटीची विक्री त्या अहवालांत सामान्यतः सात वर्षें राहते. शिवाय जो स्वतःच मालक होता, त्यानें पूर्वीचा घरमालक दाखवावा कोठून? म्हणून ही उणीव त्यानें कागदपत्रांनीं भरून काढली पाहिजे.

पहिला कागद बँकेच्या संमतिपत्राचा. उरलेल्या रकमेवरील हक्क बँकेनें सोडला आहे, असें त्यांत स्पष्ट लिहून घ्यावें. कॅलिफोर्नियांत २०११ च्या कायद्यानें राहत्या घराच्या अशा विक्रीनंतर बाकीची मागणी करण्यास बंदी आहे. परंतु सर्वच संस्थानांत तसें नाहीं. दुसरे कागद चालू पगाराचे व शिलकेचे. तिसरा कागद स्वतःच्या पत्राचा. एका पानांत, रडगाणें न गातां, हप्ते कां थकले व आतां उत्पन्न काय आहे, तें सांगावें. मालकानें अहवालांत वाचण्यापूर्वींच आपण सांगितलें, तर विश्वास वाढतो.

अर्ज कोठें करावा, हेंही महत्त्वाचें. मोठ्या कंपन्यांच्या इमारतींत ठरलेल्या गुणांकाखालचा अर्ज बहुधा वाचलाच जात नाहीं. एकदोन घरांचा खासगी मालक मात्र माणूस पाहतो व ऐकून घेतो. प्रत्येक अर्जास बहुधा शुल्क पडतें. म्हणून आपली हकीकत चालेल कीं नाहीं, हें आधींच विचारावें. अधिक अनामत देऊं करण्यापूर्वीं कायदा पाहावा; कॅलिफोर्नियांत १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांस एका महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत घेतां येत नाहीं. तेथें जामीन अधिक उपयोगी पडतो.

अहवालामुळें नकार मिळाल्यास मालकानें तसें कळविणें बंधनकारक आहे, आणि साठ दिवसांच्या आंत अहवालाची प्रत फुकट मागतां येते. ती अवश्य मागावी. तुटीची विक्री कधीं कधीं जप्ती म्हणून नोंदलेली आढळते, आणि जप्तीचा शिक्का अधिक जड असतो. अशी चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क १९७० च्या कायद्यानें दिलेला आहे.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट वेळेची आहे. बहुतेक लोक विक्री पुरी झाल्यावर घर शोधूं लागतात, आणि मुलांची शाळा व सामान यांच्या ओढाताणींत मिळेल तें पत्करतात. बँकेच्या संमतीस पुष्कळदां महिनेच्या महिने लागतात. तो काळ हातचा जाऊं देऊं नये. त्यांत अनामतीपुरती रक्कम बाजूस टाकावी, आणि ताबा देण्याची तारीख नव्या घराचा करार डोळ्यांपुढें ठेवून ठरवावी. बँक स्थलांतरासाठीं कांहीं रक्कम देईल कां, हेंही संमतीपूर्वींच विचारावें. सह्या झाल्यावर विचारण्यांत अर्थ नाहीं.

आज तिकडे अशा विक्रीचे प्रसंग पूर्वीच्या मानानें पुष्कळ कमी झाले आहेत; परंतु ज्याच्यावर प्रसंग येतो, त्यास तो पहिलाच असतो. कर्ज बुडालें म्हणजे अब्रू बुडाली, असें मानून तो गप्प बसतो आणि शोधाचे महत्त्वाचे महिने घालवितो. बँकेशीं उघडपणें तडजोड करणें ही कांहीं लबाडी नव्हे. तेंच उघडपण नव्या मालकापुढें ठेवलें, तर सात वर्षें संपण्याची वाट पाहण्याचें कारण उरत नाहीं.