ॲडमिरल पॅरींची बोट

नौदलाची विमानवाहू 'विराट' अलंगला मोडायला नेली, त्याचा सल अजून गेलेला नाही. 2020 च्या सप्टेंबरात ती तिथे पोचली. वडोदऱ्याहून पाहिले तर खंबायतच्या आखातापलीकडे. त्याआधी 2014 मध्ये मुंबईत जुन्या 'विक्रांत'चे तुकडे झाले. दोघींसाठी लोक निदान हळहळले तरी. 1978 साली 'दिल्ली' निवृत्त होऊन भंगारात गेली, तिची आठवण आज आमच्या शहरात कुणी काढत नाही.

ही 'दिल्ली' मूळची ब्रिटिश क्रूझर 'अकिलीस'. 13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेजवळ, रिव्हर प्लेटच्या मुखाबाहेर, तिने 'एजॅक्स' आणि 'एक्झेटर' यांच्या साथीने जर्मन 'ग्राफ श्पे'ला गाठले. शत्रूच्या तोफा अकरा इंची, हिच्या सहा इंची. कप्तान एडवर्ड पॅरी यांच्या पायांत गोळ्याच्या ठिकऱ्या घुसल्या, चार जण मेले, तरी पॅरींनी पाठलाग सोडला नाही. चार दिवसांनी जर्मन कप्तानाने माँटेव्हिडिओबाहेर आपली बोट स्वतःच बुडवली. पॅरी पुढे 'रिनाउन'चे कप्तान झाले, नॉर्मंडीच्या मोहिमेत त्यांनी एक ताफा सांभाळला. ते सगळे मोठेच, पण माझे मन त्या पहिल्या लढाईतच रमते.

1948 मध्ये हेच पॅरी भारतीय नौदलाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी त्यांची जुनी बोट 'दिल्ली' होऊन मुंबईत आली. ते 1951 मध्ये त्या पदावरून गेले. पहिला भारतीय प्रमुख मिळायला 1958 उजाडावे लागले, याचा मला आजही राग आहे. पण पॅरींना मी त्या रागातून वगळतो. 'दिल्ली'ची पन्नासच्या दशकातली वर्षे सलाम्या आणि दौऱ्यांत गेली. त्यांत रेंगाळण्यासारखे काही नाही.

साठचे दशक मात्र माझ्या शाळकरी वयाचे. डिसेंबर 1961 मध्ये आमच्या दांडिया बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी गोवा होता. आजोबांचे लक्ष दीवकडे लागलेले, कारण जवळचे कोडीनार म्हणजे वडोदऱ्याची जुनी गायकवाडी. 18 तारखेला कप्तान एन. कृष्णन यांच्या हाताखाली 'दिल्ली'ने दीवच्या किल्ल्यावर मारा केला आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. पॅरींच्या बोटीने आमच्या अंगणात काम फत्ते केले, असे आजोबा कितीतरी दिवस सांगत होते.

दीवचा तो अभिमान 1965 च्या युद्धात डिवचला गेला. सात सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या सात बोटी द्वारकेवर तोफा डागून गेल्या. ओखामंडळ गायकवाडांचे, ओखा बंदर सयाजीरावांनी बांधलेले. आमच्या घरी तो वार स्वतःवर झाल्यासारखा लागला. 'विक्रांत' गोदीत होती, 'तलवार' ओख्याला दुरुस्तीत. पानाच्या गादीवर लोक नौदलाला भेकड म्हणत. ते मला तेव्हाही पटले नव्हते. नौदलप्रमुख भास्करराव सोमण यांचे हात संरक्षण मंत्रालयाने बांधले होते: मुंबईपासून दोनशे मैलांपलीकडे जायचे नाही, पोरबंदरच्या उत्तरेला तर नाहीच. सोमणांनी गाऱ्हाणे थेट लालबहादूर शास्त्रींपर्यंत नेले, हुकूम बदलला नाही. ताफ्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल सॅमसन मराठी बेने इस्रायली, प्रमुख सोमण मराठी, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण मराठी. यशवंतरावांबद्दल मला अपार आदर आहे, पण त्या महिन्यात ते आपल्या नौदलाच्या पाठीशी उभे राहायला हवे होते. सहा वर्षांनी ती बंधने सुटली आणि आपल्या क्षेपणास्त्र बोटी कराचीपर्यंत गेल्या. सोमण तेव्हा निवृत्त झालेले होते.

आणि 'दिल्ली'? ती मोडली तेव्हा 'अकिलीस'च्या काळातल्या तिच्या तोफांचा एक बुरूज भारताने न्यूझीलंडला दिला. ऑकलंडजवळच्या डेव्हनपोर्ट तळावर त्यांनी तो जपला आहे, कारण रिव्हर प्लेटच्या लढाईत तिच्यावर त्यांची मुले लढली होती. दीवला युद्धात बुडालेल्या 'खुकरी'चे स्मारक आहे, ते योग्यच. वडोदऱ्याच्या शाळांच्या सहली तिथे जातात. मुलांना किल्ला दाखवताना समोरच्या पाण्याकडे बोट करून 'दिल्ली'चेही नाव सांगा, एवढेच त्या शिक्षकांना माझे मागणे आहे.