क्रोन रोगाचा शस्त्रक्रियोत्तर पुनरुद्‌भव

क्रोन रोगात आतड्याचा रोगट भाग काढून टाकल्यानंतर उरलेल्या निरोगी आतड्यात तोच रोग पुन्हा उद्‌भवणे. क्रोन रोग हा अन्नमार्गाचा चिरकारी शोथ (दाहयुक्त सूज) असून तो बहुधा शेषांत्रात (लहान आतड्याच्या अखेरच्या भागात) व त्यास लागून असलेल्या मोठ्या आतड्यात आढळतो. न्यूयॉर्क येथील बरिल बी. क्रोन, लिऑन गिंझबर्ग व गॉर्डन ओपेनहायमर यांनी १९३२ साली १४ रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. रोगट भाग छेदून काढल्यास रोग समूळ जातो ही सुरुवातीची अपेक्षा पुढे फोल ठरली. आतड्याचा अधिक लांब भाग काढल्यानेही पुनरुद्‌भव टळत नाही. उलट लहान आतडे आखूड होऊन पोषण बिघडते. म्हणून केवळ रोगट भाग काढणे इष्ट समजतात.

पुनरुद्‌भव बहुधा आतड्याच्या जोडाच्या लगेच वरच्या बाजूस होतो. बेल्जियममधील लूव्हाँ येथे रुटगेर्ट्‌स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची अंतर्दर्शकाने (आतड्याची आतून पाहणी करण्याच्या नलिकेने) तपासणी केली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार एका वर्षात सु. ७३% रुग्णांत नवे व्रण दिसले, परंतु लक्षणे मात्र सु. २०% रुग्णांतच होती. रुग्णास बरे वाटत असतानाच रोग मूळ धरतो, ही यातील खरी अडचण होय. व्रणांच्या प्रमाणावरून शून्य ते चार अशा पायऱ्या ठरविण्यात आल्या असून वरच्या पायऱ्यांवरील रुग्णांत लक्षणे लवकर परततात.

आतड्यातून वाहणारा मल या प्रक्रियेस कारणीभूत असावा, असे १९९१ मधील एका लहानशा पण बोधप्रद अभ्यासावरून दिसते. पाच रुग्णांत जोडाच्या वर आतड्याचे तोंड पोटावर उघडून मल बाहेर वळविला, तेव्हा सहा महिने जोडाजवळ रोग दिसला नाही. मलप्रवाह पूर्ववत केल्यावर सहा महिन्यांत तो पाचही जणांत दिसून आला. आतड्यातील सूक्ष्मजंतूंचा वाटा यातून सूचित होतो.

प्रतिबंधाच्या उपायांत धूम्रपान पूर्णपणे सोडणे हा सर्वांत स्वस्त व निर्धोक उपाय आहे. धूम्रपान करणाऱ्यांत पुनरुद्‌भवाचा धोका सु. दुप्पट असतो. पूर्वी झालेली आंत्रछेदन शस्त्रक्रिया, आतड्यास छिद्र वा नाडीव्रण पडणे आणि गुदद्वाराभोवतीचा रोग यांमुळेही धोका वाढतो. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर लवकरच औषधे सुरू करतात. मेट्रोनिडॅझोल तीन महिने दिल्यास जोडाजवळील व्रण कमी होतात, परंतु दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या तंत्रिकांना (मज्जातंतूंना) इजा होऊ शकते. मेसालामिनाचा उपयोग अल्पच होतो. ॲझाथायोप्रीन काहीसे उपयुक्त असून इन्फ्लिक्सिमॅब व ॲडॅलिम्युमॅब ही प्रतिपिंडे अधिक प्रभावी आहेत. ही प्रतिपिंडे सुप्त क्षयरोग जागृत करू शकतात, त्यामुळे ती देण्यापूर्वी क्षयाची तपासणी अत्यावश्यक आहे. भारतात तिचे महत्त्व विशेषच आहे. कारण येथे आतड्याचा क्षयही याच भागात होतो व तो क्रोन रोगासारखाच दिसतो, त्यामुळे मूळ निदानाचीच खातरजमा करावी लागते.

औषधयोजनेइतकीच देखरेखही महत्त्वाची आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील १७४ रुग्णांवरील अभ्यासात (२०१५) सहाव्या महिन्यात अंतर्दर्शन करून व्रण दिसताच औषधे वाढविलेल्या गटात १८ महिन्यांनी पुनरुद्‌भव ४९%, तर तसे न केलेल्या गटात ६७% होता. मलातील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाचे प्रमाण मोजल्यानेही शोथाचा अंदाज येतो. मात्र शस्त्रक्रियेनंतरचे प्रत्येक जुलाब पुनरुद्‌भवाचे नसतात : शेषांत्र काढल्याने पित्त लवणांचे अभिशोषण होत नाही व तीच मोठ्या आतड्यात उतरून जुलाब घडवितात. अशा रुग्णांत ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनताही उद्‌भवते.

जोड करण्याच्या पद्धतीकडेही लक्ष वेधले गेले आहे. जपानी शस्त्रक्रियाविशारद तोरू कोनो यांच्या पद्धतीत आतड्याची कापलेली टोके मागे एकमेकांस शिवून आधार तयार करतात व जोड आंत्रबंधापासून दूरच्या बाजूस रुंद ठेवतात. नेपल्स येथील चाचणीत (२०२०) तिचा लाभ दिसला, तथापि तो सर्वत्र तितकाच मिळेल असे ठरलेले नाही.