जुन्या डेस्कटॉपला वायफाय जोडायचंय? डोंगल निवडण्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळं

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना सेटिंग्जची नावं निसटतात, म्हणून ती इथे सावकाश वाचा.)

आजचा विषय तसा साधा आहे, पण अडला की डोकं फिरवतो. घरात डेस्कटॉप आहे. कुणाच्या ऑफिसातून आलेला, दादाच्या कॉलेजच्या वेळचा, किंवा सेकंडहँड घेतलेला. चालतो छान. घरात वायफायपण आलंय. फक्त या दोघांची ओळख नाही! कारण जुन्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये वायफाय पकडणारा भागच नसतो.

आता तुम्ही म्हणाल, फोन आहे ना हातात, कॉम्प्युटर हवाय कशाला? तर बघा, सीईटीच्या कॅप राउंडमध्ये कॉलेजांची लांबलचक पसंतीयादी फोनच्या स्क्रीनवर भरून बघा. महाडीबीटीच्या स्कॉलरशिप फॉर्मला दाखले स्कॅन करून, साइज कमी करून अपलोड करून बघा. मग आपण जातो सायबर कॅफेत. तिथे मार्कशीट, आधार, जातीचा दाखला सगळं त्यांच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये राहून जातं. पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह होतो. शेवटच्या दिवशी लाइन लागते ती वेगळीच. घरचा कॉम्प्युटर नेटला जोडला गेला, तर ही कागदपत्रं घराबाहेर जात नाहीत. एवढ्यासाठी तरी हे काम शिकून घ्या. मेकॅनिक बोलवायची गरज नाही.

०१:५० – पैसे खर्च करण्याआधी

दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली. वायफाय कदाचित आधीच असेल. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात नेटवर्क अॅडॅप्टर्स ही ओळ उघडा. तिथे वायरलेस, वायफाय किंवा ८०२.११ असं काही लिहिलेलं दिसलं तर हार्डवेअर आहे, फक्त बंद पडलंय किंवा अँटेना लावलेला नाही. नुसतं ‘इथरनेट’ किंवा ‘जीबीई’ दिसलं तर ते वायरचं पोर्ट आहे.

दुसरी. राउटर त्याच खोलीत आहे का? मग सरळ लॅन केबल घ्या. केबलला ड्रायव्हरची कटकट क्वचितच येते, आणि ती वायफायपेक्षा भरवशाची. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरात लांबीचा प्रश्नच नाही.

तिसरी गोष्ट आपल्या फोनची. अँड्रॉइड फोन डेटा केबलने कॉम्प्युटरला लावा. फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट अँड टेदरिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. कॉम्प्युटरला नेट मिळेल. आता गंमत ऐका. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये हेच वायफाय केबलमधून कॉम्प्युटरला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. म्हणजे तुमचा फोनच वायफाय अॅडॅप्टर झाला! खात्री करायला मोबाइल डेटा बंद करून बघा. फॉर्मची शेवटची तारीख उद्या असेल, तर आजचं काम या जुगाडावर भागवा. रोजच्या वापराला मात्र फोन अडकून राहतो, म्हणून पुढे ऐका.

०३:४० – दुकानात काय मागायचं

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक यूएसबीला लावायचा, ज्याला आपण डोंगल म्हणतो. दुसरा कॅबिनेट उघडून मदरबोर्डच्या पीसीआयई स्लॉटमध्ये बसवायचं कार्ड, मागे अँटेना असलेलं. डोंगल सोपा, आणि उद्या दुसऱ्या मशीनला लावता येतो. कार्डाची रेंज साधारणपणे बरी असते, पण स्क्रू खोलावे लागतात.

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, किंवा तुमच्या गावातलं कॉम्प्युटरचं दुकान, कुठेही जा, पण नुसतं ‘डोंगल द्या’ म्हणू नका. सिमकार्ड घालायचाही डोंगल असतो, त्याला वेगळा रिचार्ज लागतो. ब्लूटूथचाही डोंगल असतो आणि तो दिसायला अगदी तसाच, नखाएवढा. ‘डेस्कटॉपला वायफाय पकडायचा यूएसबी अॅडॅप्टर’ असं स्पष्ट सांगा.

आता खोक्यावरचे आकडे. एन१५० असेल तर तो वायफाय ४ या पिढीचा, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा. एसी६०० असेल तर वायफाय ५, दोन्ही बँडवाला. पण ६०० हा आकडा कसा आला? २.४ वर १५० आणि ५ गिगाहर्ट्झवर ४३३ एमबीपीएस, बेरीज ५८३, ती वर ओढून ६००! अॅडॅप्टर एका वेळी एकाच बँडवर जोडला जातो. म्हणजे तुम्हाला कागदावर जास्तीत जास्त ४३३, आणि प्रत्यक्षात त्याच्याही बरंच खाली. घरचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर तेवढं पुरतं. भारी डोंगल घेतला म्हणून १०० चे २०० होत नाहीत, वेग प्लॅनच ठरवतो.

दोन बँड का हवेत? २.४ ची लहर भिंतीतून जास्त लांब जाते, पण त्या पट्ट्यात गर्दी फार. शेजाऱ्यांची राउटरं, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे तिथेच. एकमेकांवर न चढणारे चॅनल त्यात तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीत किंवा चाळीत राहत असाल तर संध्याकाळी हा बँड रडतो. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर, आणि भारतात २०१८ साली या बँडचा मोठा भाग परवानामुक्त झाला. पण जाड भिंत आली की तो लवकर दमतो. म्हणून दोन्हीवाला घ्या, घरात जे चालेल ते निवडता येईल.

आणखी एक बघा, खोक्यावर तुमच्या विंडोजचं नाव आहे का. लिनक्स वापरत असाल तर विकत घेण्याआधी त्या मॉडेलचं नाव आणि ‘लिनक्स’ असं सर्च करा. काही चिप लावताक्षणी चालतात, काहींना ड्रायव्हर स्वतः बांधावा लागतो.

०६:३० – लावायचा कुठे

डोंगल कॅबिनेटच्या मागे, टेबलाखाली, भिंतीला चिकटून लावला की तो लोखंडी डब्याच्या आड जातो. सिग्नल येणार कुठून? एक साधी यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर आणा. लोखंडी कपाट आणि फ्रिज मधे येऊ देऊ नका. नुसत्या जागेच्या बदलाने दोन काड्या वाढू शकतात.

अजून एक. यूएसबी ३ चं पोर्ट, बहुतेक वेळा आतून निळं असतं, ते काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतं. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. तुमचा डोंगल फक्त २.४ चा असेल तर त्याला यूएसबी २ चं पोर्टच पुरतं, आणि एक्स्टर्नल हार्डडिस्कच्या शेजारी तो लावू नका. दोन बँडचा वेगवान डोंगल मात्र यूएसबी २ ला लावला तर तो ४८० एमबीपीएसच्या मर्यादेत अडकतो.

कार्ड बसवणार असाल तर आधी शटडाउन, मग प्लग काढा, मग पॉवर बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाईल. कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबा, स्क्रू लावा, अँटेना हाताने घट्ट करा.

०८:०० – ड्रायव्हर, म्हणजे खरी अडचण

विंडोज १० किंवा ११ असेल तर डोंगल लावल्यावर दोन मिनिटं काहीही न करता थांबा. बऱ्याचदा तो आपोआप ओळखला जातो. खाली उजव्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह आलं की झालं.

नाही आलं तर? खोक्यात छोटी सीडी असते, पण कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह नसतो! ड्रायव्हर नेटवरून घ्यावा, तर नेटच नाही. इथे फोन पुन्हा कामाला येतो. यूएसबी टेदरिंग चालू करा, सेटिंग्जमधून विंडोज अपडेट चालवा. तिथे ऑप्शनल अपडेट्समध्येही ड्रायव्हर सापडतो. नसेल तर कंपनीच्या साइटवर जा, मॉडेल नंबरसोबत व्हर्जन नंबरही बघा. एकाच नावाच्या डोंगलच्या दोन व्हर्जनमध्ये आतली चिप वेगळी असू शकते.

खोकं हरवलंय, डोंगलवर नाव नाही? डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेच्या डिव्हाइसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी यांच्यापुढे प्रत्येकी चार अक्षर-आकडे दिसतील. पहिला कंपनीचा, दुसरा वस्तूचा. हे दोन्ही एकत्र सर्च केले की चिप कळते.

कधी कधी डोंगल लावला की वायफायऐवजी सीडी ड्राइव्ह असल्यासारखं काहीतरी दिसतं. घाबरू नका. काही डोंगलमध्ये ड्रायव्हर आतच भरलेला असतो. तो उघडून इन्स्टॉल केला की डोंगल आपलं खरं रूप घेतो.

एक धोक्याची सूचना. ‘तुमचे १७ ड्रायव्हर जुने आहेत, इथे क्लिक करा’ म्हणणाऱ्या साइट आणि सॉफ्टवेअरपासून लांब राहा. ड्रायव्हरला सिस्टिममध्ये खोलवर प्रवेश असतो. तो घ्यायचा विंडोज अपडेटकडून किंवा बनवणाऱ्या कंपनीकडूनच.

०९:५० – जोडणी आणि सेटिंग

चिन्हावर क्लिक करा, आपलं नेटवर्क निवडा, कनेक्ट ऑटोमॅटिकलीवर टिक करा, पासवर्ड टाका. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात, हे विसरू नका. घरच्या नेटवर्कला, प्रिंटर किंवा फाइल शेअर करायची नसेल तर पब्लिक प्रोफाइलच ठेवा, ते जास्त सुरक्षित.

फोनला दोन नावं दिसतात आणि कॉम्प्युटरला एकच? मग दिसत नाही ते ५ गिगाहर्ट्झचं, आणि तुमचा डोंगल एकाच बँडचा आहे. नाव दिसतं पण योग्य पासवर्ड टाकूनही जोडत नाही? राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर जुने डोंगल अडतात. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र पर्याय निवडा. सुरक्षा पूर्ण काढून नेटवर्क उघडं ठेवू नका, कृपया!

जोडलं गेलंय पण नेट नाही? नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी अॅड्रेस बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. आधी आयपी सेटिंग ऑटोमॅटिक आहे ना बघा, मग राउटर बंद करून चालू करा.

थोड्या थोड्या वेळाने तुटतंय? डिव्हाइस मॅनेजरमध्ये अॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब असतो. वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करायची परवानगी देणारी टिक काढून टाका. ऑनलाइन परीक्षेच्या आधी हे नक्की करा.

आणि जुन्या मशीनचा खास आजार. वायफाय जोडलं, पण प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. तारीख बघा. कित्येक वर्षं मागे असेल! मदरबोर्डवर नाण्यासारखा सेल असतो, बहुधा सीआर२०३२. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं, आणि चुकीच्या तारखेमुळे साइटचं सर्टिफिकेट तपासताना गडबड होते. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदला, तारीख लावा, साइट उघडतील.

११:४० – जाता जाता

जुनी मशीन नेटला जोडली की जबाबदारीपण येते. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला. अपडेट मिळत नसलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार आणि सरकारी लॉगिन टाळा. मशीन विंडोज ११ ला पात्र नसेल तर लिनक्स मिंटसारखा पर्याय पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, चालवून बघता येतो. त्यातच कळेल की तुमचा डोंगल तिथे चालतो का.

तर क्रम लक्षात ठेवा. आधी फोनचं टेदरिंग करून बघा. मग दोन बँडचा डोंगल, एक्स्टेंशन केबलवर, टेबलावर. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून. शेवटी पॉवरची टिक काढा, तारीख तपासा. हे सगळं फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी करा, कारण त्या रात्री साइटवर गर्दी असते आणि आपले हातही थरथरतात.

ज्याच्या घरी असा कॉम्प्युटर कापड टाकून ठेवलाय, त्या मित्राला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या आणि पासवर्ड कुणाला सांगू नका!